लहान होडीवर लिथियम बॅटरी घ्यावी का?

देवगडचा नाखवा
पावसाळी मासेमारी बंदी उठायची वेळ आली की बॅटऱ्यांची खरेदी निघते, आणि यंदा जो तो लिथियमच विचारतोय. माझं मत: ३० फुटांखालच्या, छोट्या डिझेल इंजिनाच्या होडीवर लिथियम नको. लेड-अ‍ॅसिडच्याच दोन बॅटऱ्या घ्या. एक फक्त सेल्फ मारायला, दुसरी जीपीएस, फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ आणि दिव्यांना. मध्ये स्विच, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी पहाटे इंजिन लागणारच.

हिशेब साधा आहे. जीपीएस-फिशफाइंडर १ अँपिअर, व्हीएचएफ ऐकताना अर्धा, एलईडी दिवे दीड. १२ तासांचे झाले ३६ अँपिअर-तास. १०० ची डीप सायकल, म्हणजे रोज खाली उतरवून पुन्हा भरायला बनवलेली, बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरली तरी ५० मिळतात. मग तिप्पट पैसे कशाला मोजायचे? फक्त एक, दिव्यांसाठी ट्रकची बॅटरी लावू नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, दणक्यात करंट देण्यासाठी बनवलेल्या. रोज खाली उतरवली की लवकर मरते.

गिलनेटवाला, रत्नागिरी
नाखवा, ५० मिळतात हे कबूल. पण ती बॅटरी परत भरते कधी? लेड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन चढते, शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. आमचं इंजिन चालतं जाताना तासभर, येताना तासभर. जाळं पाण्यात असताना बंद. म्हणजे बॅटरी कायम अर्धपोटी. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दुसऱ्या हंगामात बॅटरी बसते. इथल्या जेटीवर बहुतेकांची हीच रड आहे आणि दोष मात्र कंपनीला.

लिथियम बॅटरी (लिथियम आयर्न फॉस्फेटची) जवळजवळ भरेपर्यंत तोच करंट घेते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. १०० ची बॅटरी १२-१३ किलो, लेडची २८-३०. भरती-ओहोटीच्या चिखलातून खांद्यावर न्यायची असेल तर हा फरक कळतो. तिप्पट पैसे म्हणता, पण लेडच्या तीन बॅटऱ्या जातील तेवढ्यात ही एक टिकते.

मरीन मेकॅनिक, मालवण
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. लिथियम सरळ डायनामोला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन मंद चालत असताना डायनामोचा पंखाही मंद, त्यामुळे तो तापून जळतो. शिवाय चार्जिंग चालू असताना आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) अचानक कनेक्शन तोडलं की व्होल्टेज उसळतं, डायोड जातात, कधी व्हीएचएफही. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, त्याचा खर्च कुणी धरत नाही. आणि १०० अँपिअरच्या बीएमएसवर डिझेलचा सेल्फ मारायला जाऊ नका, तो तोडणारच.

पण माझ्याकडे ‘बॅटरी गेली’ म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांची बॅटरी ठणठणीत असते. मल्टिमीटर घ्या. भरलेली लेड बॅटरी काही तास शांत ठेवल्यावर १२.६ च्या वर दाखवते. आता सेल्फ मारताना दोन ठिकाणी मोजा. बॅटरीवर १०.५ आणि मोटरवर ८.५ आले, तर २ व्होल्ट वायरीत गेले. लगजवळचं (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) प्लास्टिक बोटभर सोला. आत तांबं लाल नसून काळं, चिमटीत चुरा होणारं सापडेल. खारं पाणी तारेतून आत चढतं. कलई केलेली तार, दाबून बसवलेला लग, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), टर्मिनलला पेट्रोलियम जेली. आधी हे करा, मग नवी बॅटरी.

देवगडचा नाखवा
चार्जिंगचा मुद्दा खरा आहे, पण त्याला केबिनवर १०० वॉटचं सोलर पॅनल आणि कंट्रोलर पुरतो. माझा खरा आक्षेप दुसराच आहे. लेड बॅटरी आधी सांगते: दिवे मंद होतात, सेल्फ जड फिरतो. लिथियम शेवटपर्यंत ठणठणीत आणि मग एकदम काळोख. बीएमएसच्या पट्टीवर खारं पाणी गेलं तर किनाऱ्यापासून १५ मैलांवर ती कोण उघडणार? व्हीएचएफचं चॅनल १६, संकटात मदत मागायचं, बंद पडलं तर हाक मारायची कुणाला?

गिलनेटवाला, रत्नागिरी
त्यासाठी शंट मीटर लावा, किती अँपिअर-तास उरले ते आकड्यात दिसतं. सोलर तुमच्या केबिनवर ठीक. आमची उघडी होडी, जाळं ओढताना पॅनल टिकेल कुठे? आणि खाऱ्या पाण्याची भीती घालता, तर लेडच्या बॅटरीत ते शिरलं की क्लोरीन वायू निघतो, हेही सांगा.

वर्सोव्याची लेक, होडीचा हिशेब बघणारी
बंदीचं कुणीच बोललं नाही. १ जून ते ३१ जुलै होडी वर असते आणि बॅटरी घराच्या कोपऱ्यात. लेड आपोआप उतरत जाते, उष्ण-दमट हवेत आणखी लवकर. आमच्याकडे मी ती आधी पूर्ण चार्ज करते, मग दर महिन्याला पुन्हा. खिडक्या उघड्या ठेवूनच, कारण हायड्रोजन साचतो आणि एका ठिणगीला पेटतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरायचं, आधी फक्त प्लेटा बुडतील इतपत. नळाचं नाही, आरओचंही नाही. हायड्रोमीटरवर (अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर) सहाही सेल १.२६ च्या आसपास हवेत. एकच खाली असेल तर ती बॅटरी हंगाम काढणार नाही.

एवढं करायला घरात माणूस असेल तर लेड परवडते. नसेल तर लिथियमवाल्यांचं म्हणणं मला पटतं. मात्र जेटीवरून बॅटऱ्या चोरीला जातात, तेव्हा महाग वस्तू होडीत ठेवून झोप लागेल का, तेही बघा.

आणि इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. होडी कलली की झाकणातून अ‍ॅसिड सांडतं, लाकूड आणि कपडे दोन्ही जातात.

मरीन मेकॅनिक, मालवण
ट्यूब्युलरचं शंभर टक्के बरोबर. कोणतीही घ्या, खोक्यात बसवून पट्ट्याने आवळा आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर लावा.

देवगडचा नाखवा
सेल्फची बॅटरी लेडचीच, यावर तरी सगळे एकमत दिसतोय. दिव्यांसाठी लिथियम घेणाऱ्यांनी वॉरंटी कार्ड नीट वाचा. समुद्रातला वापर वगळला असेल तर पैसे द्यायच्या आधी दुकानदाराकडून लिहून घ्या. आणि जुनी लेड बॅटरी भंगारात फेकू नका, नवी घेताना दुकानदार ती परत घेतो, किमतीतही धरतो.