शब्दचर्चा: 'रिमिक्स आणि अकूस्टिक अल्बम' मराठीत कसं लिहावं?

पत्रकवाली
पुण्यातल्या एका श्रवण-बैठकीचं पत्रक मराठीत करायचं आहे. अल्बम एका डार्क इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा. शब्द, गाणं, सिंथ (विजेवर आवाज घडवणारं कीबोर्ड-वाद्य), ड्रम मशीन, शेवटचं मिक्स, सगळं तो एकटाच करतो. नव्या अल्बममध्ये गाणी जुनीच आहेत. पहिल्या भागात इतर निर्मात्यांनी केलेली रिमिक्स आहेत, दुसऱ्या भागात त्याने स्वतः पियानो, गिटार आणि चेलो घेऊन केलेली अकूस्टिक रूपं. माझा मसुदा: 'एकल कृष्ण-इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा पुनर्मिश्रित व ध्वनिक अल्बम'. 'ध्वनिक' या शब्दावर आयोजकांची हरकत आहे, कारण अल्बम कुठलाही असो, तो ध्वनीचाच असतो. पत्रकात साठ शब्दांची जागा आहे. काय लिहू?

शुद्धमती
हरकत योग्य आहे. अकूस्टिक हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ 'ऐकण्याशी संबंधित'. विजेची गिटार आल्यावर जुन्या गिटारीला वेगळं नाव लागलं आणि हे विशेषण तिला चिकटलं. म्हणजे व्यवहारातला अर्थ 'विजेशिवाय वाजणारं' एवढाच. 'अविद्युत वाद्यांचा अल्बम' लिहा. रिमिक्सला 'पुनर्मिश्रण' उत्तम आहे, ते सोडू नका. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे सावरकरांचे शब्दही सुरुवातीला लोकांना अवघड वाटले होते. आज ते कुणालाही खटकत नाहीत.

खालचा_सा
'अविद्युत' वस्तुस्थितीला धरून नाही. वाद्य हवेत वाजतं हे खरं, पण ध्वनिमुद्रणात माइक आहे, त्याचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअँप आहे, पुढे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर आणि दालनासारखा घुमारा देणारा रिव्हर्बही आहे. अशा अल्बममध्ये बदलतं ते आवाजाचं उगमस्थान. सिंथमध्ये स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरऐवजी तार, ताणलेलं कातडं किंवा हवेचा स्तंभ येतो. त्यामुळे गाणं पुन्हा बांधावं लागतं. नुसता सिंथ काढून तिथे पियानो ठेवला की काम होत नाही. का, ते सांगतो.

सिंथचा पॅड, म्हणजे गाण्यामागे धरलेला लांब स्वर, बोट ठेवाल तेवढा वेळ टिकतो. पियानोचा स्वर आघातानंतर लगेच विरू लागतो. दर मिनिटाला ६० ठोक्यांच्या संथ गाण्यात चार ठोक्यांचा एक गट म्हणजे चार सेकंद. तेवढ्या वेळात पियानोचा वरचा स्वर जवळजवळ संपलेला असतो. म्हणून पॅडचं काम गजाच्या किंवा भात्याच्या वाद्याकडे द्यावं लागतं: चेलो, व्हायोलिन, आपल्याकडे पेटी. स्वराच्या टिकून राहणाऱ्या गुंजेला आपले वादक 'आस' म्हणतात, ती कुठून आणायची हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न खालच्या आवाजाचा. इलेक्ट्रॉनिक बास ४० ते ६० हर्ट्झमध्ये (सेकंदाला तेवढी कंपनं) बसतो. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे पूर्ण एक सप्तक हातातून जातं. डबल बास घेतला तर ४१ पर्यंत उतरता येतं. नाहीतर बासच्या ओळीची चालच बदलायची. माइकमध्ये आवाज वाढवून ते सप्तक परत येत नाही, फक्त गिटारीच्या पोटाचा घुमारा वाढतो. म्हणूनच माइक गिटारीच्या भोकासमोर न धरता मानेवरच्या बाराव्या पडद्याकडे (फ्रेटकडे), वीतभर किंवा थोडा जास्त लांब ठेवतात.

तिसरा प्रश्न सिक्वेन्सरचा, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचा. १२० च्या लयीत ठोक्याला चार स्वर म्हणजे सेकंदाला आठ स्वर. यंत्र हे तासभर एकसारखं करतं. माणूस करतो, पण त्याचे आघात सारखे राहत नाहीत. तेव्हा ओळ दोन वादकांत वाटायची किंवा स्वर निम्मे करायचे.

एवढं झाल्यावर जे उरतं, त्याला 'फेरबांधणी' म्हणावं. आपण चाल बांधतो, बंदिश बांधतो, मग गाणंही पुन्हा बांधता येतं.

शुद्धमती
'फेरबांधणी' आवडला. मात्र 'बंदिश' हा शब्द संस्कृत 'बन्ध'वरून आलेला आहे, तेव्हा 'पुनर्बंध' म्हटलं तर घराणं एकच राहील.

काळी_चार
'बंदिश' थेट फारसीतून आला. फारसी आणि संस्कृतमधली 'बांधणं' ही दोन्ही क्रियापदं दूरची भावंडं आहेत, म्हणून एकातून दुसरा निघाल्यासारखा वाटतो. आणि 'फेर' हा उपसर्ग मराठीत चांगला रुळलेला आहे: फेरविचार, फेरतपासणी, फेरनिवडणूक. त्याला 'पुनर्'चं सोवळं नेसवायची गरज नाही. फक्त 'फेरफार' टाळा. इथे तो शब्द वाचला की डोळ्यांसमोर तलाठी आणि सात-बारा येतो.

मात्रा_सोळा
मला 'पुनर्मिश्रण'च खटकतं. स्टुडिओत ही दोन वेगळी कामं आहेत आणि चर्चेत ती एक होत आहेत.

जुन्या टेपवरचे मूळ ट्रॅक घेऊन तेच गाणं नव्याने, अधिक स्वच्छ मिसळणं, हे खरं पुनर्मिश्रण. त्यात चाल, लय, ठेका काहीच बदलत नाही. पत्रकातलं रिमिक्स म्हणजे मूळ गाण्याचे काही भाग ठेवायचे आणि त्यांच्याभोवती दुसरीच इमारत उभी करायची. ही पद्धत जमैकातून आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किंग्स्टनमध्ये किंग टबी ध्वनिमुद्रित गाण्यातला आवाज काढून टाके, ढोल आणि बास ठेवी आणि मधूनच प्रतिध्वनीत सोडलेला एखादा शब्द परत आणी. मिक्सिंगचं टेबलच तिथे वाद्य झालं.

आजची रीत अशी. मूळ कलाकार स्टेम पाठवतो: गायन, बास, ड्रम, सिंथ, इफेक्ट अशा वेगवेगळ्या फाइली. सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या आणि एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर पहिला तास त्या एकाखाली एक लावण्यात जातो. २४ बिट, वेव्ह स्वरूप. गाण्याची लय आणि पट्टी फाइलच्या नावात. मास्टरवरचा (शेवटच्या एकत्र आवाजावरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाची कमाल पातळी रोखणारा, बंद. गायन दोनदा: एकदा कोरं, एकदा रिव्हर्बसकट. कोरं गायन न पाठवणं ही नेहमी होणारी चूक. रिव्हर्ब आवाजात मुरलेला असला की लय बदलताना त्याची शेपटीही ताणली जाते आणि आवाज चिकट होतो.

लय १०० वरून १२५ करायची तर गायन सरळ ताणू नका, व्यंजनं विस्कटतात. दहा टक्क्यांच्या आत सहसा निभावतं. त्यापुढे वाक्यं श्वासाच्या जागी कापून नव्या लयीवर ठेवायची आणि मधल्या जागा मोकळ्या सोडायच्या. ड्रम तर ताणूच नयेत, नव्याने लावावेत.

म्हणून माझं मत: रिमिक्सला 'रिमिक्स'च म्हणा. शब्द रुळला आहे.

काळी_चार
रुळला आहे, पण चुकीच्या अर्थाने. आपल्याकडे 'रिमिक्स' म्हटलं की जुन्या हिंदी गाण्याला चढवलेला नाचाचा ठेका आठवतो. त्यातली बरीचशी गाणी नव्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेली होती, मूळ टेप कुणाच्या हातात नव्हती. कायद्याच्या भाषेत ती आवृत्ती-मुद्रणं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती अरुंद केली: मूळ मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पुढची पाच कॅलेंडर वर्षं अशी आवृत्ती काढता येत नाही. पत्रकात नुसतं 'रिमिक्स' लिहिलंत तर अर्धे श्रोते तीच कल्पना घेऊन येतील. 'मूळ ध्वनिमुद्रणातले भाग वापरून इतर निर्मात्यांनी घडवलेली रूपं' असं सरळ लिहा. बारा शब्दही होत नाहीत.

तारा_जुळवा
'कृष्ण-इलेक्ट्रॉनिक'बद्दल कुणीच बोललं नाही. तो शब्द काढा, वाचणाऱ्याला भजनाचा कार्यक्रम वाटेल.

'डार्क'मध्ये दोन गोष्टी आहेत. एक भाव, दुसरी आवाजाची जात. भावासाठी 'काळोखी' चालेल. आवाजाची जात म्हणजे वरची कंपनं कमी असलेला, फिल्टरने दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर दाबलेला आवाज. त्यासाठी आपल्याकडे शब्द आहे: बंद. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकते ती जागा) खुली असली की आवाज झणझणीत आणि उजळ येतो, बंद असली की गोल, आत वळलेला. घोडीवरच्या वळणात आणि दोऱ्याच्या जागेत केसभर फरक केला की हे बदलतं. 'बंद आवाजाचं' हे कोणत्याही वादकाला लगेच कळेल.

मात्रा_सोळा
वादकाला कळेल. पत्रक वाचणाऱ्याला 'आवाज बंद' वाटेल. 'गडद' घ्या.

तारा_जुळवा
'गडद' हा रंगाचा शब्द.

मात्रा_सोळा
'उजळ'ही रंगाचाच. तुम्हीच वर वापरलात.

काळी_चार
'एकल'सुद्धा पाहा. एकल म्हणजे मंचावर एकटा. तबल्याला तर आपण 'स्वतंत्र वादन' म्हणतो. इथे मुद्दा मंचाचा नाही, सगळी कामं एकाने करण्याचा आहे. त्याला 'एकहाती' हाच शब्द. क्रिकेटच्या बातम्यांनी तो घासून गुळगुळीत केला असला तरी अर्थ शाबूत आहे.

शुद्धमती
'एकहाती' मान्य. पण स्टेमला मराठी शब्द कुणी देणार का? मी 'पेड' सुचवते. दोरीचे, वेणीचे पेड असतात तसे.

खालचा_सा
बोलताना छान आहे, लिहिताना घात होईल. 'पेड फाइल' म्हणजे पैसे भरून घेतलेली फाइल असंच वाचलं जाणार. 'पदर' घ्या. तीनपदरी, बहुपदरी हे शब्द आहेतच. 'गाण्याचे पदर सुटे करून दिले' हे वाचायलाही बरं वाटतं.

पत्रकवाली
सर्वांचे आभार. 'एकहाती' आणि 'मूळ ध्वनिमुद्रणातले भाग वापरून' हे दोन्ही घेते. 'डार्क'चं अजून ठरत नाही. एक गोष्ट सांगायची राहिली: बैठकीत अल्बममधल्या एका गाण्याबरोबर प्रत्यक्ष पेटी वाजणार आहे. तो भाग काय नावाने लिहावा?

खालचा_सा
नावाच्या आधी सूर तपासा. अल्बम ४४० हर्ट्झला (पांढरी सहाचा प्रमाण सूर) असणार, पेटी तिथे असेलच असं नाही. ४४२ ला असली तर फरक सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पांढरी सहा दाबून ट्रॅकबरोबर धरली की सेकंदाला दोन डोल ऐकू येतात. अशा वेळी पेटीला हात लावू नका. ट्रॅक ८ सेंट वर चढवा, कुणालाही कळणार नाही. पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आत कंप पावणाऱ्या पात्या, घासणं हे कारागिराचं काम आहे: टोकाला घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

तारा_जुळवा
आधी पेटी गंधार ट्यूनिंगची, म्हणजे गायकीच्या नैसर्गिक स्वरांना जुळवलेली, आहे का ते विचारा. तशी असली तर शुद्ध गंधार ट्रॅकपेक्षा १४ सेंट खाली असेल, आणि मग सगळा ट्रॅक चढवून-उतरवून काही जमणार नाही. बाराही स्वर एकेक करून ट्यूनरवर लिहून घ्या. खर्ज-नर पेटी (खालच्या आणि मधल्या सप्तकाचे दोन संच असलेली) असेल तर खर्जाचा संच बंद ठेवून नराचे स्वर तपासा. दोन्ही एकत्र वाजले की ट्यूनर कधी हे सप्तक दाखवतो, कधी ते.

मात्रा_सोळा
आणि माइक भात्याच्या बाजूला नको. समोरून, पट्ट्यांच्या थोडा वर, हातभर अंतरावर. बास पेटीतून येणार नाही, तेव्हा ट्रॅकमधला बासचा पदर तसाच वाजू द्या.