मदत हवी आहे: रेल्वे अपघाताचा चौकशी अहवाल कुठून मिळवायचा?

रामबागवाला: एका रेल्वे कार्यालयात आरटीआय टाकली. उत्तर आलं, माहिती आमच्याकडे नाही. फोन केला तर म्हणे सीआरएसला विचारा. हे सीआरएस बसतात कुठे? वकील मागे लागलेत. जाणकारांनीच सांगा, फाटे फोडू नका.

जुना गार्ड: सीआरएस म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त. हे रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. गाड्या चालवणाऱ्यांनीच स्वतःची चौकशी करू नये म्हणून 1941 साली हे खातं रेल्वे बोर्डापासून तोडलं. मुख्य आयुक्त लखनौला, पश्चिम रेल्वेचे मुंबईत. अर्ज तिथे करा.

सुदामानगर: पण अपघात कोणता? कधीचा?

सराफा_रात्री: आपल्या इंदूर मेट्रोचीही तपासणी आयुक्तांनीच केली. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय 31 मे 2025 ला ती सुटलीच नसती भिया.

रामबागवाला: मेट्रोचं कोणी विचारलंय? आमचे काका उज्जैनहून येताना देवासच्या अलीकडे झटका बसून दारातून पडले. मांडीचं हाड मोडलं. मार्चमध्ये.

सुदामानगर: हे आधी सांगायचं ना! यात सीआरएस येतच नाहीत. ते गाड्यांची टक्कर, प्रवासी गाडी घसरणं असलं बघतात. एकटा प्रवासी पडला तर 2003 च्या नियमांप्रमाणे आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल तपास करतं आणि अहवाल डीआरएमकडे, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे जातो. आपला विभाग रतलाम, तिथे ‘डीआरएम रिपोर्ट’ म्हणूनच मागा.

जुना गार्ड: 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 113 वाचा, कोणत्या अपघातांची खबर द्यायची ते. गंभीर दुखापत त्यातही आहे.

सुदामानगर: साहेब, कलम पाठ आहे. पण दारातून पडलेल्या दर माणसामागे आयुक्त मुंबईहून यायला लागले तर नव्या लाइनी कोण तपासणार?

जुना गार्ड: आमच्या वेळी मीटरगेजवर लोक दारात लटकूनच महूला जायचे. कोणी क्लेम केल्याचं ऐकलं नाही.

सुदामानगर: रामबागवाला, अहवालासाठी भरपाईचा दावा अडवून ठेवू नका. भोपाळच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणात वर्षाच्या आत जावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम 124अ मध्ये रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. नशेत पडले, आत्महत्येचा प्रयत्न होता, असं काही निघालं तरच पैसे अडतात. तिकीट आहे का?

रामबागवाला: मोबाइलवर होतं. मोबाइल रुळावरच फुटला. वकील म्हणतात तिकीट नाही तर केस नाही.

सुदामानगर: सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच सांगितलंय, तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. काकांचं प्रतिज्ञापत्र करा, दवाखान्यात नेल्यावर झालेली नोंद जोडा. मग प्रवासी नव्हते हे रेल्वेनं दाखवायचं.

सराफा_रात्री: आणि वकील बदला.

रामबागवाला: वकील आमचे साडू आहेत.