पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रज आले कुणाच्या हुकमानं?

बुधवारपेठकर

नमस्कार मंडळी. पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. सज्जाकोठीपाशी गाइडनं वेढ्याची गोष्ट लावली. सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू, सगळं ओघात. मध्येच म्हणाला, "आणि राजापूरचे इंग्रज तोफ घेऊन आले." पाहुण्यांची नववीतली पोरगी तिथंच अडली. म्हणे, काका, १६६० मध्ये मुंबईसुद्धा इंग्रजांकडं नव्हती, मग हे कुठले इंग्रज? गाइड पुढच्या बुरुजाकडं वळला, आम्ही झुणका-भाकरीकडं.

प्रश्न मात्र रास्त आहे. यांना पाठवलं कुणी, इंग्लंडच्या राजानं की ईस्ट इंडिया कंपनीनं? आणि आदिलशाही नि महाराजांच्या लढाईत पडून या व्यापाऱ्यांना मिळणार काय होतं?

तटबंदी

यात कोडं काय आहे? राज्य गिळायचा डाव पहिल्यापासूनच होता. व्यापार हे निमित्त. प्लासी काय एका रात्रीत झाली?

गुळाचा अडत्या

तटबंदी, प्लासी १७५७ ची. तिला शंभर वर्षं मागं ओढून पन्हाळ्याखाली आणू नका.

बुधवारपेठकर, हुकूम कुणाचाच नव्हता. वेढा बसला मार्च १६६० मध्ये. त्या महिन्यात इंग्लंडला राजाच नव्हता! पहिल्या चार्ल्सचं मुंडकं १६४९ ला उडवलेलं, त्याच्यामागं सत्ता हाती घेतलेला क्रॉमवेल १६५८ ला मेलेला, आणि दुसरा चार्ल्स लंडनात शिरला तो मेच्या अखेरीस. राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन एप्रिलमध्येच पन्हाळ्याकडं निघाला होता. राजाचं सोडा, त्याच्या डोक्यावरची सुरतेची वखार, तिचीही परवानगी नव्हती.

आता ही कंपनी काय चीज होती ते बघा, कारण सगळी गोम तिथं आहे. एलिझाबेथ राणीनं ३१ डिसेंबर १६०० ला सनद दिली ती लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला. सरकारचा पैसा त्यात नाही. प्रत्येक सफरीला वेगळी वर्गणी, जहाज परत आलं की हिशेब, नफा वाटून मोकळे. पहिली सफर १६०१ ला जेम्स लँकेस्टरची, चार जहाजं. ती भारतात आलीच नाहीत, सुमात्रा नि जावाला गेली. १६०३ ला परतली तेव्हा दहा लाख पौंड वजनाच्या वर मिरी भरलेली. एवढी मिरी एकदम बाजारात आली म्हटल्यावर भाव कोसळणारच. भागीदारांना रोकडीऐवजी मिरीच घरी न्यावी लागली. (आवक वाढली की काय होतं ते मार्केट यार्डात दर हंगामात बघतो, त्यामुळं त्या भागीदारांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.)

दुसरी अडचण, विकायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं. त्यांचं मुख्य कापड म्हणजे जाड लोकरी बनात. जावाच्या उकाड्यात ते घेणार कोण? म्हणून चांदी न्यावी लागे. सनदेतच एका सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी बाहेर न्यायची मुभा होती, आणि देशाची चांदी परदेशी जाते म्हणून लंडनात बोंब. मसाल्याच्या बेटांवर लोकांना हवं होतं हिंदुस्थानी सुती कापड. ते घेण्यासाठी इंग्रज सुरतेला आले. विल्यम हॉकिन्स १६०८ ला उतरला. १६१२ ला सुवाळीसमोर थॉमस बेस्टनं पोर्तुगीज जहाजांना दाद दिली नाही, तेव्हा कुठं सुरतेत पाय टेकला. तिकडं अंबोयना बेटावर १६२३ ला डचांनी दहा इंग्रजांना मारलं आणि बेटांवरचा मसाला जवळजवळ हातचा गेला. मग आपला किनारा आठवला. राजापुरात वखार पडली १६४९ ला.

आणि हीच कंपनी १६५७ च्या जानेवारीत आपले इथले हक्क विकायला काढायच्या गोष्टी करत होती. इतकी खंगलेली! त्याच साली क्रॉमवेलनं नवी सनद दिली, कायमचं भांडवल उभं राहिलं, तेव्हा जीव आला. राज्य गिळायला निघालेली माणसं दुकान विकायला काढत नाहीत.

आता रेव्हिंग्टन. त्याला परगावच्या पेढीवर बसवलेला गुमास्ता समजा. पगार तुटपुंजा, म्हणून स्वतःचा खासगी धंदा बाजूला चालू. लंडनला पत्र टाकून उत्तर यायचं तर वारा नि पावसाळा सांभाळत दीड-दोन वर्षं. अशा माणसाला मालक विचारणार कधी, नि हा ऐकणार कधी?

अफझलखान पडल्यावर मराठी फौज डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरपर्यंत आली. २८ डिसेंबरला इथंच आदिलशाही सरदार रुस्तुम-ए-जमानचा पराभव झाला. पाठोपाठ एक तुकडी राजापूर बंदरात उतरली, खानाची गलबतं तिथं होती ती ताब्यात घ्यायला. त्यातल्या एकावर इंग्रजांनी आपल्या उधारीपोटी हक्क सांगितला. झालं, वाद पेटला. त्यांचा दलाल नि फिलिप गिफर्ड नावाचा इंग्रज कैदेत गेले. रेव्हिंग्टननं महाराजांना पत्रं लिहिली, गोड बोलून बघितलं. पण पन्हाळ्याला वेढा बसल्यावर त्याचा हिशेब फिरला. आदिलशाही जिंकणार, जिंकली की वसुली नि सवलती मिळणार, शिवाय वखारीत पडलेली उखळी तोफ नि आतून फुटणारे गोळे गिऱ्हाईकाला खपणार. म्हणून माल घेऊन स्वतःच गेला. एवढ्यावर थांबला नाही. इंग्रजांचं निशाण उभारून गोळे टाकले.

निशाण नसतं उभारलं तर कदाचित निभावलं असतं. विकणारा व्यापारी एक वेळ माफ होतो.

खाडीकाठचा

राजापूरकडून बोलतो. अडत्यांनी बंदराचं चित्र थोडं कमी दिलं म्हणून भर घालतो. राजापूर आहे अर्जुना नदीवर, समुद्रापासून बरंच आत. मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी जैतापूरला थांबायची, तिथून माल होड्यांनी वर. घाटमाथ्यावरून अणस्कुऱ्याच्या घाटानं बैल उतरायचे, मिरी, वेलदोडे, कापड घेऊन. म्हणजे इंग्रज आमच्याकडं राहायचे, पण माल बघायचे तुमच्याकडचा. रायबाग, हुबळीपर्यंत त्यांचे दलाल फिरत.

इंग्रज इथं एकटेही नव्हते. खाली गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला १६३७ पासून डच. शिवाय कंपनीच्या मक्तेदारीला खुद्द पहिल्या चार्ल्सनंच सुरुंग लावलेला. त्यानं कोर्टीन नावाच्या व्यापाऱ्याच्या टोळीला वेगळा परवाना दिला होता आणि तेही याच किनाऱ्यावर हिंडून गेले. एका देशाचे दोन दुकानदार, एकाच गल्लीत.

तारखांबद्दल एक. इंग्रज तेव्हा जुनं पंचांग वापरत, दहा दिवस मागं, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर साल आधलं दिसतं. दोन पुस्तकांत दोन सालं दिसली तर लगेच भांडू नका.

तटबंदी

बरं, डाव नव्हता असं धरून चालू. पण त्या रेव्हिंग्टनचं पुढं काय झालं? की सुटला मोकळा?

गुळाचा अडत्या

मोकळा कसला! महाराज १३ जुलैच्या रात्री निसटून विशाळगडी पोचले. हिशेब मनात होता. मार्च १६६१ मध्ये राजापूरवर फौज आली, वखार लुटली, रेव्हिंग्टन नि त्याचे सोबती पकडले गेले. वासोटा, सोनगड, रायगड असे फिरवत ठेवले. सुटका झाली १६६३ च्या सुरुवातीला, जवळजवळ दोन वर्षांनी.

कैदेतून त्यांनी सुरतेला तक्रारीची पत्रं लिहिली, आम्हाला सोडवत नाही म्हणून. सुरतेचं उत्तर वाचण्यासारखं आहे. आशय असा: तुम्ही का अडकलात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना नाही, पन्हाळ्याला जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून. भोगा. बुधवारपेठकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खुद्द कंपनीनं लिहून ठेवलंय.

बुधवारपेठकर

जबरदस्त. हे त्या पोरीला पाठवतो. एक शेवटचं: राजापूरच्या लुटीची भरपाई इंग्रजांना मिळाली म्हणतात, ते खरं का?

गुळाचा अडत्या

ठरली खरी. मध्ये बरंच पाणी वाहून गेलं. मुंबई १६६१ च्या लग्नाच्या करारात दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि १६६८ ला त्यानं ती वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. आता शेजारी महाराज. जुना तंटा मिटवल्याशिवाय धान्य-सरपण येणार कुठून? १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तो हेच घेऊन. दहा हजार होन ठरले.

पण कसे, ते ऐका. कंपनीनं तीन वर्षं दरसाल पाच हजार होनांचा माल घ्यायचा आणि पैसे निम्मेच द्यायचे. झाले साडेसात हजार वळते. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीत सोडायचे. रोकड एक होनही हातावर ठेवायचा नाही, वर तीन वर्षांचं गिऱ्हाईक बांधून घ्यायचं. आमच्या यार्डात असा सौदा कुणी केला तर त्याला चहा मी पाजतो.