व्हिसल येत असेल तर मँडोलिन जरूर घ्या

आयरिश लोकसंगीतासाठी व्हिसल (छोटी उभी बासरी) आणि मँडोलिन (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) एकदम शिकलं तर दोन्ही अर्धवट राहतील, ही भीती मला पटत नाही. डी व्हिसलवर, म्हणजे डी हा सर्वात खालचा स्वर असलेल्या व्हिसलवर, पक्की बसलेली रील (जलद नाचाची धून) मँडोलिनवर लवकर सापडते, कारण धून कानात असते. खरी अडचण अलंकरणाची. व्हिसलवरचा रोल, म्हणजे एका स्वराभोवतीची झटपट सजावट, बोटांच्या झटक्यांनी होतो. मँडोलिनवर त्या जागी बहुतेकदा प्लेक्ट्रमचे (तारा छेडायच्या पट्टीचे) झटपट तीन आघात घेतात. त्याला वेळ द्या, मनगट सैल ठेवून. मँडोलिनच्या तारा फिडलसारख्याच (म्हणजे व्हायोलिनसारख्याच) जी-डी-ए-ई या स्वरांत लावतात, म्हणून ते खालच्या जीपर्यंत उतरतं. डी व्हिसल डीच्या खाली जातच नाही. तेव्हा फिडलच्या धुनेतला डीखालचा तुकडा व्हिसलवर वरच्या सप्तकात घ्या. आणि श्वासाच्या जागा व्हिसलवर ठरवून त्याच जागा मँडोलिनवरही पाळा, फार सुंदर वाजतं!