१०० सीसीच्या जुन्या गाडीला २४ एमएमचा कार्ब बसवला, चोक काढला की बंद पडते

फटफटीवाला:
मंडळी जरा डोकं चालवा, माझं बंद पडलंय. जुनी १०० सीसी फोर-स्ट्रोक गाडी आहे, ओरिजिनल कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा) १८ एमएम तोंडाचा होता पण त्याची स्लाइड (मूठ पिळली की वर जाणारी आतली झडप) आणि बॉडी दोन्ही इतकी घासलेली की कितीही साफ केला तरी स्लो (मूठ सोडल्यावरची कमी रेस) धरायचा नाही. तसाच परत काही मिळेना म्हणून १५० सीसी गाडीचा २४ एमएमचा स्लाइडवाला कार्ब लावला. दोन बोल्टचं फ्लँज (कार्ब इंजिनला जोडायची चपटी कड), होलं जुळली, केबलची गोळी पण बसली, म्हटलं झालं काम.

कसलं काय. अर्ध्या चोकवर (चोक म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवणारा) एका किकमध्ये सुरू होते आणि छान चालते, चोक काढला की रेस आपोआप वर-खाली, वर-खाली, आणि बंद. स्लोचा स्क्रू आत पिळून ठेवला तर चालू राहते पण मग रेस करून मूठ सोडली की खाली यायला दोन-तीन सेकंद घेते. मूठ झटकन पिळली तर गुदमरते, हळू पिळली तर उचलते. प्लग पांढराफटक. आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे मेन जेट (फुल मुठीवर पेट्रोल सोडणारा) दोनदा बदलून बघितला, एकदा मोठा एकदा लहान, टॉपला काडीचा फरक नाही. असं कसं होईल?

धूरवाला:
पांढरा प्लग म्हणजे लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा) दोन नंबर मोठा टाक, निडल (स्लाइडला लटकलेली सुई) वर घे म्हणजे पेट्रोल वाढेल, विषय संपला.

निडलक्लिप:
थांबा हो, जेटला इतक्यात हात लावू नका. चोकवर नीट चालते, चोकशिवाय स्लो वर-खाली आणि रेस लटकते, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की आधी एअर लीक बघायचं. कार्ब आणि इंजिनच्या मधून कुठूनतरी जादाची हवा आत जातेय, त्यात पायलट मोठा केलात तर आज बरं वाटेल आणि लीक वाढलं की परत तेच.

पाण्याची स्प्रे बाटली घ्या, गाडी स्लोवर ठेवा आणि फ्लँजच्या जॉइंटवर चारही बाजूंनी थोडं थोडं मारा. जिथे मारल्यावर आवाज बदलेल तिथे लीक. काही जण कार्ब क्लीनर मारतात, पण गरम सायलेन्सरच्या शेजारी ते पेट घेऊ शकतं, मी तरी नाही मारत.

होलं जुळली म्हणजे फ्लँज जुळलं असं नसतं हे लक्षात घ्या. २४ च्या कार्बची ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी रिंग) मोठी असते, तिची गोल खाच तुमच्या छोट्या मॅनिफोल्डच्या (कार्बपासून इंजिनपर्यंतच्या नळीच्या) तोंडावर पूर्ण टेकतेय का बघा, बोल्टच्या बाजूला टेकते आणि वर-खाली कडेच्या बाहेर लोंबते असं बऱ्याचदा होतं. दुसरं, फ्लँज वाकलंय का. बोल्ट जोर लावून आवळले की कान पुढे येतात आणि मधे फट पडते. काचेवर ठेवलं की लगेच दिसतं, काचेवरच बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सरळ करता येतं. सिलिकॉन लावून मात्र झाकू नका, साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि तुकडे आत जातात.

आता मेन जेटचं कोडं. एअर फिल्टरचा पाइप काढा, इंजिन बंद, मूठ पूर्ण पिळा आणि टॉर्च मारून बघा की स्लाइड पूर्ण वर जाते का. तुमच्या मुठीतला ड्रम १८ एमएमच्या स्लाइडसाठी बनलाय, तो अंदाजे तेवढीच केबल ओढणार. २४ ची स्लाइड १८ वर आली म्हणजे तीन चतुर्थांश उघडली, आणि मेन जेटचं राज्य साधारण तिथूनच सुरू होतं. तुम्ही फुल मूठ पिळताय पण कार्ब अजून निडलवरच चाललाय, मग जेट बदलून काय कळणार :)

मिक्स्चरचा स्क्रू पण बघून घ्या. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. जुन्या कार्बच्या सवयीने फिरवाल तर उलटंच व्हायचं.

टूस्ट्रोक_काका:
निडलक्लिप बरोबर बोलतोय, पण मला मुळात १०० सीसीला २४ पटत नाही. तोंड मोठं केलं की हवा जाते तेवढीच पण वेग पडतो, आणि वेग पडला की निडलच्या नळीतून पेट्रोल खेचायला ताकद उरत नाही. झटकन मूठ पिळल्यावर गुदमरते ती त्यामुळेच. २० चा मिळाला तर तो लाव आणि सुखी हो.

बाकी दोन गोष्टी. स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडेच आहे ना? हसू नको, मी स्वतः उलटी घालून अर्धा दिवस घालवलाय. आणि जेटवरचे नंबर वेगवेगळ्या कंपनीचे एकमेकांशी लावू नको, केहिनचा नंबर भोकाच्या मापाचा असतो तर मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा पेट्रोल किती वाहतं त्यावर, त्यामुळे इकडचा १०० आणि तिकडचा १०० एक नाही. गाडी सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पण बघ, रेस वाढली तर केबल ताणलीय, तशी चालवू नको.

फटफटीवाला:
दोघांना दंडवत. पाणी मारलं तर वरच्या बाजूला मारल्या मारल्या गाडी अडखळली. उघडलं तर ओ-रिंगचा वरचा भाग चक्क हवेत, मॅनिफोल्डच्या कडेच्या बाहेर. काचेवर ठेवलं तर फ्लँजही वाकलेलं, ते बहुतेक माझ्याच हाताचं काम. फ्लँज घासून सरळ केलं आणि लेथवर १० एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी करून घेतली, एका बाजूला २४ चं भोक आणि निमुळतं होत मॅनिफोल्डच्या मापाला येतं, दोन्हीकडे पॅकिंग, बोल्ट लांब घेतले. आता चोकशिवाय स्लो एकदम स्थिर आणि रेस लगेच खाली येते. पायलट जेट होता तोच आहे, धूरवाले भाऊ राग मानू नका.

स्लाइड बघितली, सहा एमएम खालीच राहत होती!! माझे दोन जेट फुकट गेले. १५० वाल्या गाडीचा मुठीचा सेट शोधतोय. काका, गुदमरणं कमी झालंय पण पूर्ण गेलं नाही, निडलची क्लिप एक खाच खाली घेतली (म्हणजे निडल वर) तर थोडं अजून सुधारलं. स्लाइड सरळच होती :)

एक नवीन शंका, रात्रभर उभी ठेवली की सकाळी पेट्रोलचा वास येतो.

टूस्ट्रोक_काका:
फ्लोटची सुई (कार्बची वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) गळतेय. ती बदलेपर्यंत प्रत्येक वेळी पेट्रोलचा कॉक बंद करत जा आणि ऑइलची काडी काढून वास घे, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नको, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. उरलेलं गुदमरणं २४ चं आहे, ते राहणारच थोडं.

निडलक्लिप:
सुई बदलताना फ्लोटची उंची पण मोजा, पट्टी घातल्यावर कार्ब मागे सरकलाय, एअर फिल्टरचा पाइप दाबला जाऊन कार्ब तिरका झाला असेल तर लेव्हल चुकते. आणि मुठीचा सेट लावल्यावर मेन जेट पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामाला लागणार, तेव्हा सुरुवात मोठ्या जेटपासून करा आणि एक एक नंबर खाली या. फुल मुठीवर लीन चालली तर पिस्टन जळतो, रिच चालली तर फक्त प्लग काळा होतो.

फटफटीवाला:
पाइप खरंच दाबला गेलाय, कार्ब थोडा कलंडलेला दिसतोय. आधी तो सरळ करतो, मग सुई.