मदत हवी आहे: लिस्टेरियामुळे परत मागवलेलं चीज फ्रिजमध्ये होतं, वहिनी गरोदर आहे

लिस्टेरिया (अन्नातून पसरणारा, गरोदरपणात धोकादायक जंतू) सापडल्यामुळे कंपनीने मऊ चीजचा एक लॉट परत मागवलाय. तेच चीज आमच्या फ्रिजमध्ये आठवडाभर उघडं होतं. लॉट नंबरचे शेवटचे दोन आकडे ओलाव्याने पुसलेत, पण वापराची अंतिम तारीख जुळते, म्हणून आमचं त्यातलंच धरून चाललोय. वहिनीला सातवा महिना आहे. तिने दोनदा खाल्लंय. ताप नाही, अंगदुखी नाही. डॉक्टरांशी बोलणं झालंय: लक्षणं नसताना तपासणी नको, पण ताप आला तर लगेच या. लक्षणं दिसायला ७० दिवसांपर्यंतही लागू शकतात, म्हणून रोज ताप मोजतोय. त्यामुळे तो प्रश्न नाही.

अडलंय ते फ्रिजपाशी. हा जंतू थंडीतही वाढतो, फ्रीझरमध्ये मरत नाही. चीजचं पाणी मधल्या कप्प्यातून खाली भाजीच्या ट्रेमध्ये गळलं होतं. चीज, चिरलेली फळं, उघडं उरलेलं अन्न सगळं बंद पिशवीत घालून टाकलं. कप्पे काढून साबणाने धुतले, मग ४ लिटर गरम पाण्यात साधारण १५ मिली ब्लीच घालून पुसले. पण दाराच्या रबराच्या घडीत अजून काळपट थर आहे, आणि मागच्या पाणी निचरायच्या भोकात हात पोचत नाही. फ्रिज बदलणं शक्य नाही.

ही दोन ठिकाणं नीट निर्जंतुक कशी करायची? त्या भोकात ब्लीचचं पाणी ओतलं तर चालेल का? आणि न धुतलेल्या, पण अख्ख्या भाज्या टाकायच्या की शिजवून चालतील?