मदत हवी आहे : अंडी धरलेली कॅमेलिऑन मादी अर्धवट खणून थांबते

माझ्याकडील व्हेल्ड कॅमेलिऑन मादी (रंग बदलणाऱ्या सरड्याची विदेशी जात; विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर नोंदवलेली, आपला संरक्षित घोयरा सरडा नव्हे) मीलनानंतरची अपेक्षित मुदत उलटत आली तरी अंडी घालत नाही. ओल्या वाळू-मातीच्या ३० सेंटिमीटर खोल कुंडीत ती उतरते, अर्धवट बीळ खणते आणि पुन्हा फांदीवर जाते. खाणे थांबले आहे. मात्र पाणी पिते, डोळे खोल गेलेले नाहीत, पकड घट्ट आहे. कॅल्शियम व यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नियमित असून कापडाचा आडोसाही केला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात माती दुपारपर्यंत सुकून बीळ ढासळते, हेच कारण मला अंडी पोटात अडकण्यापेक्षा अधिक संभवनीय वाटते. ऑक्सिटोसिन (अंडी बाहेर पडावीत म्हणून देतात ते संप्रेरक) पशुवैद्यकाशिवाय देणार नाही. बीळ टिकण्यासाठी वाळू-मातीचे प्रमाण किती ठेवावे, आणि कोणते लक्षण दिसताच वाट न पाहता एक्स-रे काढावा?